परतीचा पत्ता

संगणकाला पुढे जाण्याचे शिक्षण द्यावे लागत नाही. त्याच्या स्मृतीत एकापुढे एक आज्ञा मांडून ठेवल्या, की पहिली पार पडताच तो आपसूक दुसरीकडे वळतो आणि दुसरीवरून तिसरीकडे जातो. मधल्या आज्ञा सोडून अमुक क्रमांकाच्या स्थानी जा, असा हुकूम दिला तर तोही तो विनातक्रार बजावतो. अवघड आहे ते परत येणे. एखादे काम उरकण्यासाठी मूळ क्रम सोडून दुसरीकडे गेलेल्या यंत्राने, ते काम संपताच, जेथून निघालो नेमक्या त्याच ठिकाणच्या पुढल्या आज्ञेवर परतावे, आणि उद्या तेच काम दुसऱ्या कोणी सांगितले तर त्या दुसऱ्याकडे परतावे, ही गोष्ट यंत्राच्या स्वभावात नव्हती. ती माणसांना शोधून काढावी लागली. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आज अगदी आरंभीच 'फंक्शन' नावाची जी वस्तू दाखवली जाते, आणि 'मेन' या नावाने प्रोग्रामचा आरंभ करावयास जे शिकवले जाते, त्या दोहोंचे मर्म या परत येण्यात आहे, अशी माझी धारणा आहे. आणि पाठ्यपुस्तके जाण्याचे वर्णन जितक्या तपशिलाने करतात तितके परतण्याचे करीत नाहीत, म्हणून तो विषय येथे थोडा विस्ताराने मांडावयाचे योजिले आहे.

फंक्शन म्हणजे नाव दिलेला आज्ञांचा समूह. समजा, बँकेच्या प्रोग्राममध्ये चक्रवाढ व्याज काढण्याचे एक फंक्शन आहे. त्याला मुद्दल, दर आणि मुदत या तीन गोष्टी द्यावयाच्या, आणि त्याने रक्कम सांगावयाची: दहा हजार रुपये, शेकडा ७ दर, ३ वर्षे असे दिले, की उत्तर १२,२५० रुपये ४३ पैसे. आत जाणाऱ्या गोष्टींना प्रोग्रामर मंडळी आर्ग्युमेंट म्हणतात, बाहेर येणाऱ्या उत्तराला रिटर्न व्हॅल्यू म्हणतात आणि फंक्शनला कामाला लावणे याला 'कॉल करणे' म्हणतात. ज्याने कॉल केला त्याला आतले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. दरवर्षीचे व्याज एकेक करून मिळवले, की घातांकाचे सूत्र लावून एका झटक्यात काढले, याची पृच्छा तो करीत नाही. उद्या आतली रीत समूळ बदलली, पण दिले-घेतले तेच राहिले, तर बाहेरच्या हजारो ओळींपैकी एकीलाही हात लावावा लागत नाही. आज लक्षावधी ओळींचे प्रोग्राम शेकडो माणसे एकत्र लिहू शकतात ती या अज्ञानाच्या बळावर. दुसऱ्याचे काम न जाणण्याची मुभा ही या व्यवसायातील फार मोठी सनद आहे.

ही मुभा प्रारंभी नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क वन' या प्रचंड यंत्रावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर आणि त्यांचे सहकारी यांच्यापाशी वह्या असत. साइन काढण्याची आज्ञावली एकाने तपासून वहीत टिपून ठेवलेली असली, तर दुसरा ती मागून घेई आणि आपल्या प्रोग्राममध्ये हाताने उतरवून काढी. उतरवताना आकडे चुकत. आणि पुढे जेव्हा आज्ञा स्मृतीत राहू लागल्या तेव्हा नव्या जागेनुसार प्रत्येक क्रमांकात बेरीज करावी लागे, तीही चुके. माणूस नक्कल करण्यात कच्चा आणि बेरजेतही कच्चा, मग ही दोन्ही कामे यंत्रावरच का सोपवू नयेत, असा विचार हॉपरबाईंनी केला आणि १९५२ सालच्या आसपास त्यांनी युनिव्हॅक यंत्रासाठी तशी सोय उभी केली. परंतु नक्कल यंत्राने केली तरी ती नक्कलच. साइन दहा ठिकाणी लागली तर तीच आज्ञावली दहादा स्मृतीत जाणार, आणि त्या काळी स्मृती किती तोकडी होती याची कल्पना आज करणेही कठीण.

त्या तोकडेपणाचा मासला केंब्रिजला पाहावयास मिळतो. मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली तेथील विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत बांधलेल्या एडसॅक या यंत्राने १९४९ सालच्या ६ मे रोजी आपला पहिला प्रोग्राम पार पाडला आणि शून्यापासून ९९ पर्यंतच्या संख्यांच्या वर्गांचे कोष्टक छापले. पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून ध्वनीच्या लहरी फिरवीत ठेवून त्यांतच संख्या आणि आज्ञा सांभाळण्याची त्याची व्यवस्था होती, आणि अशी स्थाने प्रारंभी होती अवघी ५१२. भागाकाराची आज्ञाच या यंत्राला नव्हती. भागाकार हवा असल्यास तो इतर आज्ञांतून घडवावा लागे, आणि जेथे जेथे हवा तेथे तेथे तो पुन्हा लिहिला तर ५१२ स्थाने पुरणार कशी? त्यातच, आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा हिस्सा स्वतःच्या प्रोग्राममधील चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव आपल्याला त्याच दिवसांत जिना चढता-उतरताना झाल्याचे विल्क्स यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. एकदा तपासलेली आज्ञावली एकाच ठिकाणी राहावी आणि सर्वांनी तिच्याकडे जावे, ही निकड दुहेरी होती: जागेची आणि अचूकपणाचीही.

तो पेच सोडवला डेव्हिड व्हीलर या बावीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याने, आणि त्याची युक्ती इतकी देखणी आहे की ती जवळून पाहण्याचे श्रम वाचकाने अवश्य घ्यावेत. एडसॅकची प्रत्येक आज्ञा म्हणजे एक अक्षर आणि एका स्थानाचा क्रमांक. बेरीज-वजाबाकीसाठी त्या यंत्राला एकच रजिस्टर, म्हणजे चालू हिशेबातील संख्या धरून ठेवणारी जागा, होते. 'ए' म्हणजे सांगितलेल्या स्थानी जे असेल ते या रजिस्टरात मिळवावे. 'जी' म्हणजे रजिस्टरातील संख्या ऋण असल्यास सांगितलेल्या स्थानी जावे. 'ई' म्हणजे ऋण नसल्यास जावे. आणि 'टी' म्हणजे रजिस्टरातील संख्या सांगितलेल्या स्थानी ठेवून रजिस्टर कोरे करावे. अक्षरेही आत संख्यांच्याच रूपाने असत: ए म्हणजे २८, यू म्हणजे ७, ई म्हणजे ३, आणि अक्षराला पाचच बिट असल्यामुळे बेरीज ३२ च्या पलीकडे गेली की ३२ गळून जात.

आता मूळ प्रोग्राम १०० व्या स्थानी पोहोचला आहे आणि त्याला भागाकाराच्या सबरुटीनकडे जावयाचे आहे, असे समजू. सबरुटीन हे फंक्शनचे तेव्हाचे नाव. व्हीलरने १०० व्या स्थानी आज्ञा ठेवली 'ए १००', म्हणजे १०० व्या स्थानी जे असेल ते कोऱ्या रजिस्टरात मिळवावे. तेथे काय आहे? तीच आज्ञा. यंत्राने आज्ञा पाळली आणि ती आज्ञा स्वतःच रजिस्टरात येऊन बसली; आपण कोठे उभे आहोत हे यंत्र आता हातात घेऊन निघाले. १०१ व्या स्थानी 'जी'ची आज्ञा आहे, आणि २८ या अंकाचा पहिला बिट १ असल्यामुळे रजिस्टरातील मजकूर यंत्राला ऋण संख्याच भासतो. तेव्हा उडी बिनचूक घडते. सबरुटीनची पहिली आज्ञा स्मृतीच्या ३ ऱ्या स्थानी कायम ठेवलेली 'यू २' ही रक्कम रजिस्टरात मिळवते. २८ आणि ७ पस्तीस, त्यांतून ३२ गळाले, उरले ३, म्हणजे 'ई'. आणि १०० व २ एकशेदोन. रजिस्टरात तयार झाली 'ई १०२', म्हणजे १०२ व्या स्थानी जा, ही परतीची आज्ञा. सबरुटीनची दुसरी आज्ञा, 'टी', ती उचलून सबरुटीनच्याच शेवटच्या स्थानी नेऊन ठेवते आणि रजिस्टर कामासाठी मोकळे करते. मग भागाकार व्हावयाचा तो होतो, आणि सबरुटीन संपता संपता यंत्राला वाटेत तीच आज्ञा भेटते, ज्या आज्ञेने ते अचूक १०२ वर परतते. कॉल २५० व्या स्थानावरून आला असता तर तेथे 'ई २५२' तयार झाली असती. अक्षरांना कोणते अंक द्यावेत या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीतून, बेरजेच्या एकुलत्या एका क्रियेतून, यंत्राला नवा एकही सुटा भाग न जोडता, परतीचा पत्ता निर्माण झाला. मला तरी संगणकाच्या इतिहासात इतक्या अल्प सामग्रीत साधलेली इतकी मोठी गोष्ट दुसरी आठवत नाही.

या युक्तीवर केंब्रिजकरांनी ग्रंथालय उभे केले, आणि त्या ग्रंथालयात पुस्तके नव्हती. छिद्रे पाडलेल्या कागदी फितींच्या गुंडाळ्या पोलादी कपाटात क्रमवार लावून ठेवल्या होत्या. ज्याला साइन हवी, घातांक हवा, छपाईची सोय हवी, त्याने ती फीत काढावी, यंत्राकडून आपल्या फितीवर नक्कल करून घ्यावी आणि मूळ फीत जागच्या जागी परत ठेवावी. १९५१ पर्यंत अशा ८७ सबरुटीन जमल्या, आणि त्याच वर्षी विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी लिहिलेले जे पुस्तक निघाले ते इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या प्रोग्रामिंगवरील पहिले छापील पुस्तक समजले जाते. पुढल्या वर्षी पिट्सबर्ग येथील परिषदेत व्हीलरने या विषयावर वाचलेला निबंध जेमतेम दोन पानांचा आहे. सबरुटीन लिहून व तपासून झाली तरी, तिचे अंतरंग न जाणणाऱ्या माणसाला ती वापरता येईल असे तिचे वर्णन लिहिणे उरतेच, आणि तेच काम कदाचित सर्वांत कठीण, असे त्याने त्यात बजावले आहे. आज सत्तर वर्षांनंतरही हे वर्णन लिहिण्याचा कंटाळा ज्यांना येतो, त्यांनी तो निबंध एकवार वाचावा.

तथापि व्हीलरच्या योजनेला एक मर्यादा होती, आणि ती तिच्या गाभ्यातच होती. परतीचा पत्ता सबरुटीनच्या पोटात, ठरलेल्या एकाच जागी लिहिला जाई. एका सबरुटीनने दुसरीला कॉल केला तर हरकत नव्हती, कारण प्रत्येकीची जागा निराळी. पण सबरुटीनने स्वतःलाच कॉल केला तर? दुसरा पत्ता पहिल्यावर लिहिला जाणार आणि पहिला कायमचा पुसला जाणार. हा प्रश्न काल्पनिक नव्हे. संगणकातील एखाद्या फोल्डरने एकूण किती जागा व्यापली हे मोजावयाचे झाल्यास, त्यातील फाइलींचे आकार मिळवावयाचे आणि आत दुसरे फोल्डर आढळले की त्याचीही हीच मोजणी करावयाची. म्हणजे मोजणी करणाऱ्या फंक्शनने, काम अर्धवट असताना, आपणा स्वतःलाच पुन्हा कामाला लावावयाचे, आणि फोल्डरांत फोल्डर किती खोल जातील हे आधी कोणीच सांगू शकत नाही. १९५८ साली फोरट्रान भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीने फंक्शन आणि सबरुटीन सर्वसामान्य शास्त्रज्ञांच्या हाती दिल्या खऱ्या, परंतु स्वतःला कॉल करण्याची मोकळीक तिनेही दिली नाही, कारण तिच्या योजनेतही प्रत्येक गोष्टीची जागा आधीच मुक्रर केलेली असे.

यावरचा उपाय, म्हणजे परतीचे पत्ते सबरुटीनमध्ये न ठेवता बाहेर एका स्वतंत्र जागी एकावर एक रचीत जाणे, अॅलन ट्युरिंग यांनी एडसॅक चालू होण्यापूर्वीच, आपल्या एस या नियोजित यंत्राच्या आराखड्यात लिहून ठेवला होता. पत्ता पुरून ठेवण्याची आणि उकरून काढण्याची अशी क्रियांची जोडीच त्यांनी तेथे कल्पिली होती. म्युनिकमध्ये फ्रीडरिख बाउअर आणि क्लाउस झामेलझोन यांनी स्वतंत्रपणे हेच तत्त्व मांडले आणि १९५७ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. अल्गॉल भाषेच्या १९६० च्या मसुद्याने फंक्शनला स्वतःचा कॉल करण्याची मुभा दिली, आणि त्याच वर्षी अॅमस्टरडॅमला एड्स्गर डाइक्स्ट्रा आणि याप झोनव्हेल्ड यांनी ती मुभा प्रत्यक्षात उतरवणारा कम्पायलर, म्हणजे भाषेतील प्रोग्रामचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्राम, काही महिन्यांत तयार करून दाखवला. या रचनेला आज सर्वत्र स्टॅक म्हणतात.

स्टॅकचे तत्त्व आपल्या वाचकाला परके वाटू नये, कारण महाभारत ज्याने ऐकले आहे त्याच्या अंगवळणी ते पडलेलेच आहे. नैमिषारण्यात सौती शौनकादी ऋषींना कथा सांगतो. त्या कथेत जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाने सांगितलेली कथा येते. तिच्यात संजय धृतराष्ट्राला रणभूमीचे वृत्त निवेदन करतो. आणि त्या वृत्तात कृष्ण अर्जुनाला उपदेश करतो. कृष्णाचे बोलणे संपले की आपण थेट सौतीकडे जात नाही. संजयाकडे येतो, आणि संजयाने जेथे निवेदन सोडले होते तेथून ते पुढे चालू लागते. संजयाचे संपले की वैशंपायन, त्याचे संपले की सौती. सर्वांत शेवटी उघडलेली कथा सर्वांत आधी मिटते, आणि तोवर बाहेरची प्रत्येक कथा आपल्या श्रोत्यांसह, आपल्या अर्ध्या वाक्यासह, तिष्ठत राहते.

यंत्रात हे असे घडते. कॉल होताच कॉलनंतरच्या आज्ञेचा पत्ता स्टॅकच्या माथ्यावर ठेवला जातो, आणि त्याच्या शेजारी फंक्शन आपल्या खाजगी चलांसाठी, म्हणजे त्या कामापुरत्या लागणाऱ्या संख्यांसाठी, जागा घेते. या सगळ्याला मिळून फ्रेम म्हणतात. फंक्शनने पुन्हा कोणाला कॉल केला, मग तो स्वतःलाच का असेना, की वर नवी फ्रेम येते. परतले की माथ्यावरची फ्रेम जाते आणि पत्ता उचलून प्रोसेसर तेथे वळतो. त्यामुळे एकाच फंक्शनचे दहा अर्धवट कॉल एकाच वेळी जिवंत असू शकतात आणि प्रत्येकाची मुद्दल, प्रत्येकाची मुदत स्वतंत्र राहते. काही प्रोसेसरांत पत्ता आधी एका खास रजिस्टरात राहतो आणि गरज पडली तरच स्टॅकवर जातो. तो तपशील येथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे, की स्टॅकची जागा अमर्याद नसते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर ती सामान्यतः ८ मेगाबाइट असते, आणि थांबण्याची अट विसरलेले फंक्शन स्वतःला कॉल करीत राहिले की ती बघता बघता भरते. पायथन भाषा त्याआधीच, हजाराच्या सुमारास, कॉलांना अटकाव करते. आणि पायथन शिकणाऱ्या मुलामुलींना जी पाहून धडकी भरते ती 'ट्रेसबॅक' नावाची यादी तिष्ठत असलेल्या फ्रेमांचीच असते: वरून खाली, कोणी कोणाला कोणत्या ओळीवरून कॉल केला होता याचा तो क्रमवार दाखला असतो, आणि ज्या ठिकाणी घात झाला ते ठिकाण सर्वांत खाली असते. तळापासून वर वाचीत गेल्यास दहापैकी आठ चुकांचा उलगडा तेथल्या तेथे होतो.

परंतु पत्ता आणि खाजगी चले यांचा हा शेजार धोक्याचाही ठरला. १९८८ सालच्या २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम अमेरिकेतील विद्यापीठांच्या आणि संशोधनसंस्थांच्या संगणकांतून पसरत गेला आणि असंख्य यंत्रे त्याने ठप्प केली. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक अशी: संगणकावर कोण हजर आहे हे सांगणारा 'फिंगर' नावाचा एक साधा प्रोग्राम बाहेरून आलेली ओळ ५१२ बाइटांच्या जागेत घेत असे, आणि ज्या फंक्शनकरवी तो ती घेई त्या 'गेट्स'ला ओळ किती लांब आहे हे तपासण्याची सोयच नव्हती. मॉरिसच्या प्रोग्रामने ५३६ बाइट पाठवले. जास्तीचे बाइट स्टॅकवर पुढे सांडले ते थेट परतीच्या पत्त्यावर, आणि फंक्शन संपल्यावर प्रोसेसर इमानाने परतला तो आपल्या धन्याकडे नव्हे, तर आगंतुकाने पाठवलेल्या आज्ञांकडे. प्रोसेसरचा यात दोष नाही. स्टॅकवरचा पत्ता खरा मानणे हेच त्याचे कर्तव्य. पुढे कम्पायलरांनी पत्त्याच्या अलीकडे एक गुप्त संख्या ठेवण्याची आणि परतण्यापूर्वी ती जशीच्या तशी आहे ना हे तपासण्याची रीत आणली, आणि 'गेट्स' हे फंक्शन सी भाषेच्या अधिकृत मसुद्यातून अखेर २०११ साली काढून टाकण्यात आले. एका सदोष फंक्शनला निरोप देण्यास दोन तपांच्या जवळपास काळ लागला, हे या क्षेत्रातील सर्वांनीच मनाला लावून घ्यावे असे आहे.

आता आरंभाचा प्रश्न. प्रत्येक फंक्शनला कोणीतरी कॉल करतो, तर पहिल्याला कोण करतो?

एडसॅकमध्ये याचे उत्तर ठोस, हाताला लागणारे होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तसल्या फिरत्या स्विचांवर ३१ आज्ञा तारांनी कायमच्या जोडलेल्या होत्या. बटण दाबले की त्या स्मृतीच्या ० ते ३० या स्थानी उतरत, फीत वाचून प्रोग्राम ३१ व्या स्थानापासून पुढे मांडीत आणि मग त्याच्या हाती कारभार सोपवीत. व्हीलरने १९४९ सालीच त्या आज्ञा नव्याने रचल्या तेव्हा सबरुटीन स्मृतीत कोठेही बसली तरी तिच्यातील क्रमांक आपोआप सुधारले जाऊ लागले, आणि प्रोग्राम नेमका कोठून सुरू करावयाचा हे फितीच्या शेवटी छिद्रांनीच लिहून देता येऊ लागले. आरंभाचे ठिकाण ही अशा रीतीने लिहून देण्याची बाब झाली.

भाषांनी पुढे त्या ठिकाणाला ठरावीक नाव दिले. केंब्रिजचेच मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ च्या सुमारास निर्माण केलेल्या बीसीपीएल भाषेत ते 'स्टार्ट' होते. तिच्यावरून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी घडवलेल्या बी भाषेत ते 'मेन' झाले. आणि डेनिस रिची यांच्या सी भाषेने ते जगभर नेले. जावा, गो, रस्ट या सर्वांनी ते कमीअधिक फरकाने ठेवले आहे. पायथनची तऱ्हा मात्र वेगळी: तो फाइल वरून खाली पाळीत जातो, आणि फंक्शनची व्याख्या भेटली की तिची केवळ नोंद घेतो, तिच्यातील आज्ञा पाळीत नाही. नवशिक्याने फंक्शन निर्दोष लिहिले, प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर काहीच उमटले नाही, तर त्याचे कारण बहुधा हेच असते, की व्याख्या झाली पण कॉल करावयाचा राहिला. आपल्या हातातील फोनवरच्या अॅपची गोष्ट आणखी निराळी. अँड्रॉइडच्या अॅपलेखकाला मेन लिहावेच लागत नाही, ते यंत्रणेने आधीच लिहून ठेवलेले असते, आणि बोट लागले, पडदा फिरला, फोन आला, की त्या त्या वेळी लेखकाच्या फंक्शनांना यंत्रणाच कॉल करते.

पण मेन हा खरोखरच आरंभ आहे काय? लिनक्सवर आपण एखाद्या प्रोग्रामचे नाव टाइप करून एंटर दाबतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, त्या प्रोग्रामची फाइल उघडतो. तिच्या अगदी प्रारंभी ओळख पटवणारी ठरावीक चिन्हे असतात, आणि चौसष्ट बिटांच्या यंत्रांवर २४ बाइट सोडून पुढल्या आठ बाइटांत आरंभाचा पत्ता असतो. तो पत्ता मेनचा नसतो. तो असतो सी भाषेबरोबर येणाऱ्या, कम्पायलरने गुपचूप जोडून दिलेल्या एका छोट्या आज्ञावलीचा. कर्नेलने नव्या स्टॅकवर ठेवलेले शब्द, म्हणजे आपण टाइप केलेले प्रोग्रामचे नाव आणि पुढचे आर्ग्युमेंट, ती उचलते, त्यांची संख्या मोजलेली असतेच, ग्रंथालयाची पूर्वतयारी करवून घेते, आणि त्यानंतर मेनला कॉल होतो. म्हणून मेनला मिळणाऱ्या मोजणीत प्रोग्रामचे स्वतःचे नावही धरलेले असते. मेन हेही इतरांसारखेच एक फंक्शन. त्यालाही परतीचा पत्ता आहे, आणि त्यालाही उत्तर द्यावयाचे आहे.

ते उत्तर म्हणजे एक संख्या: काम बिनघोर पार पडले असल्यास शून्य, अन्यथा दुसरी कोणतीही. कॉल करणाऱ्या आज्ञावलीमार्फत ती कर्नेलकडे आणि कर्नेलमार्फत, प्रोग्राम ज्याने सुरू केला त्या, आपण टाइप केलेले हुकूम घेणाऱ्या शेलकडे पोहोचते. डॉलर आणि प्रश्नचिन्ह यांची जोडी छापावयास सांगितली की शेल ती दाखवतो. तिचे शेवटचे आठच बिट पोहोचत असल्यामुळे मेनने २५६ परत केले तर शेलला शून्य दिसते, म्हणजे अपयश यशासारखे भासते. ही बाब क्षुल्लक नाही. रात्री आपोआप चालणारी बॅकअपसारखी कामे एकामागून एक याच संख्येच्या भरवशावर पुढे सरकतात. फाइलींची नक्कल करणारा प्रोग्राम अर्ध्यावर फसला आणि त्याच्या लेखकाने आळसाने शेवटी शून्यच परत केले, तर पुढला प्रोग्राम मूळ फाइली पुसण्यास मोकळा होतो. परत जाताना खरे उत्तर घेऊन जाणे ही फंक्शन लिहिणाराची पहिली जबाबदारी आहे, आणि मेनच्या बाबतीत तर तिच्यावर दुसऱ्यांची कामे अवलंबून असतात.

शेलही एक प्रोग्रामच. त्यालाही कोणी सुरू केले. असे मागे मागे जात लिनक्सवर आपण १ क्रमांकाच्या प्रोसेसपर्यंत पोहोचतो, जी कर्नेलने स्वतः सुरू केलेली असते. तिने परतावयाचे नसते. ती संपली तर कर्नेल संपूर्ण यंत्रच थांबवतो. तिच्याही आधी कर्नेलचे आरंभीचे फंक्शन, त्याआधी त्याला स्मृतीत आणणारा बूटलोडर, त्याआधी मदरबोर्डवरील चिपमधील फर्मवेअर. आणि त्याआधी केवळ एक ठरवून दिलेला क्रमांक: इंटेलच्या प्रचलित प्रोसेसरांवर वीज येताच पहिली आज्ञा चार गिगाबाइटांच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडून उचलली जाते. तेथे जागा इतकी थोडी, की ती आज्ञा बहुधा दुसरीकडे उडी घेण्याचीच असते. त्या क्षणी मुख्य स्मृती वापरण्याजोगी झालेली नसते. तिच्या चिपांची जुळणी फर्मवेअरनेच अजून करावयाची असते, आणि स्मृती नाही म्हणजे स्टॅक नाही, स्टॅक नाही म्हणजे नेहमीच्या रीतीने फंक्शनला कॉल करण्याची सोय नाही. फर्मवेअर लिहिणारे त्यामुळे अगदी पहिल्या टप्प्यात परतीचा पत्ता एखाद्या रजिस्टरात धरून ठेवतात, किंवा प्रोसेसरच्या पोटातील कॅशलाच तात्पुरती स्मृती म्हणून राबवून घेतात, आणि तेवढ्या इवल्याशा जागेत पहिला स्टॅक मांडून मुख्य स्मृती जागी करणाऱ्या फंक्शनला कॉल करतात.